लातूरहून आलेला बोर्ड

संगणक सुरू झाला, आत एकदा टिक् असा बारीक आवाज आला आणि पडद्यावर एक छोटी चौकट येऊन थांबली. पासवर्ड मागत होती.

लुंबिनीने हातातला पेचकस खाली ठेवला. रविवारची सकाळ होती. बैठकीतल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून तिने बोर्ड उघडाच मांडला होता. पेटी नाही, झाकण नाही. प्रोसेसर, मेमरीच्या पट्ट्या, एक जुनं ग्राफिक कार्ड आणि शेजारी वायरींचा गुंता. दाराशी उन्हात बसून तिची आई, सरजाबाई, सुपातले तांदूळ निवडत होती.

"लागलं का गं?" म्हातारीने विचारलं.

"लागलं. पण आत घेईना. कुलूप हाय त्याला."

"मग तोड की."

"तोडता येतंय माय. पण कुलूप तोडलं की आतलं समदं पुसून जातंय. आधीच्या माणसानं काय काय लावून ठेवलंय ते बघायचंय मला."

"कुठून आणलंस म्हनलीस?"

"लातूरहून. एस्टीच्या पार्सलनं आलं."

सरजाबाईचा हात सुपात थांबला. एक खडा उचलून तिने उंबऱ्याबाहेर टाकला.

लुंबिनी नांदेडला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत वरिष्ठ लिपिक होती. चाळिशी ओलांडून गेलेली, लग्न न केलेली. कचेरीतल्या बायका सुट्टीत तिरुपतीला जात, लेकीबाळींकडे जात. लुंबिनी भंगारवाल्यांच्या गल्लीत जाई आणि धुळीने माखलेली कार्डं पिशवीतून घरी आणी. तिला जुने खेळ खेळायचे असत. ती कॉलेजात होती त्या काळातले गाड्यांचे, विमानांचे, किल्ले बांधायचे खेळ. ते आजच्या संगणकावर चालत नाहीत आणि चालले तर असे सुसाट पळतात की बोट बटणावर जायच्या आत गाडी भिंतीवर आदळलेली असते. त्यांना त्यांच्या काळचंच यंत्र लागतं. आणि त्या यंत्रात सगळं अवलंबून असतं चिपसेटवर. प्रोसेसर, मेमरी आणि कार्डं यांच्यात सगळी ने-आण करणारा बोर्डावरचा हा तुकडा. तो बरा निवडला तर जुन्यातले जुने खेळही गुण्यागोविंदाने नांदतात. चुकला तर कधी आवाज फाटतो, कधी चित्र गोठतं.

जुन्या संगणकांच्या शौकिनांचा मोबाइलवर एक गट होता. तिथे तिने विचारलं होतं, कुठला बोर्ड घेऊ? दहा जणांनी दहा सल्ले दिले. शेवटी लातूरच्या रेणुका नावाच्या मुलीने लिहिलं, "पप्पा म्हणतात, बीएक्स चिपसेटचाच घ्या. त्याच्या नंतरचे वेगवान आहेत, पण त्यांच्यावर जुन्या साउंड कार्डाची लांब काळी खाच नसते. तुमचे खेळ कोणते?"

लुंबिनीने सांगितले. मग महिनाभर कचेरीच्या जेवणाच्या सुट्टीत दोघींचं लिहिणं चाललं होतं. गाडीचा खेळ फार पळतो, प्रोसेसरची कॅश, म्हणजे झटपट मेमरी, बंद केली तर आवाज तुटतो, काय करू? तर उत्तर यायचं, "पप्पा म्हणतात, आतली कॅश चालू ठेवा, बाहेरची बंद करा." एकदा लुंबिनीने गमतीने लिहिलं होतं, "पुलानंतरचं वळण काही जमत नाही. आम्ही घरी त्याला जळकोटचा घाट म्हणायचो." त्यावर दोन दिवस काहीच उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं, "पप्पांकडे एक बीएक्स बोर्ड आहे. ते पाठवतो म्हणतात."

तोच हा बोर्ड.

तिने नेहमीचे पासवर्ड घालून पाहिले. शून्य-शून्य, एक-दोन-तीन, कंपनीचं नाव. चौकट हलली नाही. मग बोटं आपोआप एका जुन्या वाटेने गेली. तिच्या थोरल्या भावाचा, नागसेनचा, एकच पासवर्ड असायचा. आईचं नाव. आणि त्याला त्याचं स्पेलिंग कधी धड आलं नाही. 'जा'ला तो झेड लावायचा. लुंबिनी त्याला त्यावरून चिडवायची, आईला परदेशी केलंस म्हणायची. तिने ती आठ अक्षरं झेडसकट टाइप केली आणि एंटर दाबलं.

चौकट गेली. आतला निळा पडदा उघडला.

कुणीतरी कानात कापूस कोंबावा तसं झालं तिला. रस्त्यावरून रिक्षा गेली ती दिसली, ऐकू आली नाही. नागसेन वारला त्याला वीस वर्षांच्या वर झाली होती. गोदावरीच्या काठी त्याला अग्नी दिला तेव्हा लुंबिनी बापाला धरून उभी होती. भिंतीवर, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली, त्याचा फोटो होता. काळी मिशी, कॉलरचं बटण लावलेलं.

तिने मनाला समजावलं की बोर्ड त्याच्याच काळचा आहे. तो नांदेडला कॉम्प्युटर क्लासमध्ये कामाला होता, शेकडो बोर्ड त्याच्या हाताखालून गेले होते. त्यातलाच एक फिरत फिरत लातूरला गेला असेल.

मग तिचं लक्ष बोर्डावरच्या रुपयाएवढ्या बॅटरीकडे गेलं. हा पासवर्ड बॅटरीच्या जिवावर राहतो. बॅटरी मेली की तो मेला. अशी बॅटरी पाच वर्षं चालते, फार तर आठ. वीस वर्षं कुठलीच चालत नाही. आणि ही तर कोरी करकरीत होती. घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं, तारीख आजची होती.

तिने सेटिंगची पुढची पानं उघडली. मेमरीचा वेग ओढून बसवलेला. आणि बोर्डाचा मुख्य वेग एकशे बारा मेगाहर्ट्झ.

सगळी दुनिया बीएक्सला एकतर शंभरावर ठेवते, नाहीतर हौसेने एकशे तेहतीसवर नेते. एकशे बारावर कुणी ठेवत नाही. ठेवणारा एकच माणूस तिला माहीत होता. "शंभरावर चालतंय, तेहतीसवर पळतंय, बारावर टिकतंय," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा.

"उघडलं का?" दारातून सरजाबाईने विचारलं.

"न्हाई," लुंबिनी म्हणाली. आयुष्यात ती आईशी क्वचितच खोटं बोलली होती.

*

नागसेन घर सोडून गेला तेव्हा लुंबिनी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. भोकर तालुक्यातल्या एका गावची महादेवी नावाची मुलगी त्याच्या क्लासला यायची. जात आडवी आली. दोघं एका सकाळी निघून गेली आणि दुपारी मुलीचे भाऊ जीपगाडी घेऊन दारात आले. त्यांनी बापाची कॉलर धरली, घरातली भांडी रस्त्यावर फेकली आणि जाताना शांतपणे सांगितलं, "सापडला की तोडणार. आज न्हाई तर दहा सालानं."

बाप, नरसिंग, रेल्वेत गँगमन होता. पुढची दोन वर्षं त्याने सुट्टीचा प्रत्येक दिवस पोलीस ठाण्यांत घालवला. कुठे बेवारस प्रेत सापडलं की तो पाहायला जायचा. एकदा नदीत फुगलेलं, चेहरा न राहिलेलं एक प्रेत त्याला दाखवलं. शर्ट निळा होता. नरसिंगने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "हाच." घरात पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, फोटो लागला. त्याच महिन्यात लुंबिनीला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं होतं. ती गेली नाही. घरात आता दुसरं कोण होतं?

पुढे नरसिंग खंगत गेला आणि एका उन्हाळ्यात गेलाच. लुंबिनीला स्थळं येत. पाहायला आलेले लोक विचारत, लग्नानंतर आई कुठे राहणार? हळूहळू स्थळं यायची थांबली.

बोर्ड उघडला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तिने कचेरीत रजा कळवली आणि आईला म्हणाली, "लातूरला जाऊन येते. त्या बोर्डाचं विचारायचंय."

सरजाबाई चुलीपाशी होती. तिने मान वर केली नाही. "जा," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "जेवून जा."

एस्टीत बसल्यावर लुंबिनीने काय काय बोलायचं ते ठरवलं. समोर एखादा परका माणूस निघाला तर काय विचारायचं, तेही ठरवलं. पार्सलावरचा पत्ता तिच्याकडे होता. लातूरला उतरून रिक्षाने ती एका साध्या वसाहतीत गेली. खाली दुकान, वर घर. दुकानावर पाटी होती, रेणुका कॉम्प्युटर्स.

काउंटरवर वीस-एक वर्षांची मुलगी बसली होती. तिने वर पाहिलं आणि लुंबिनीने काउंटरची कड घट्ट धरली. कपाळ, भुवया, हनुवटी, सगळं सरजाबाईचं होतं. तरुण सरजाबाई टी-शर्ट घालून बसली होती.

"काय पाहिजे, मॅडम?"

"नांदेडहून आले. बीएक्स बोर्ड..."

"अय्या, तुम्ही नांदेडच्या रेट्रो मॅडम का?" मुलगी हसत उभी राहिली. "पप्पा, त्या बोर्डवाल्या मॅडम आल्यात बघा."

आतल्या खोलीतून एक माणूस पुसट चष्मा कपाळावर चढवत बाहेर आला. पोट सुटलेलं, डोक्यावर केस विरळ, मिशी पांढरी. हातात उघडलेला यूपीएस होता. तो दारातच थांबला. यूपीएस ठेवायला त्याने जागा शोधली, सापडली नाही, तसाच छातीशी धरून उभा राहिला.

"जयभीम, लुंबे," तो म्हणाला.

बसमध्ये ठरवलेलं एक वाक्यही लुंबिनीला आठवेना.

"बोर्ड चालू झाला," ती म्हणाली.

"झाला का? बरं झालं." त्याने घसा खाकरला. "मेमरी कोणती लावलीस?"

"शंभरचीच. दोन पट्ट्या."

"शंभरची एकशे बाराला चालती. तेवढी गुंजाइश असती तिच्यात. ग्राफिक कार्ड?"

"तवाचंच. सोळा एमबीचं."

"मग तेहतीसला नेऊ नकोस. बीएक्स स्वतः झेपवतो, पण कार्डाची खाच लई वेगात जाती. दोन दिस चालतं अन् मग पडदा गोठतो."

"म्हायती हाय मला."

"हाव. तुला म्हायती असणारच."

रेणुका एकदा बापाकडे, एकदा बाईकडे पाहत होती. दोघं बोलत होते बोर्डाविषयी, पण बापाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. हात यूपीएसमध्ये अडकलेले होते.

"पासवर्ड काढायला इसरलास का?" लुंबिनीने विचारलं.

"न्हाई," नागसेन म्हणाला. "जळकोटचा घाट वाचलं तवाच कळलं मला. दोन दिस जेवन गेलं न्हाई. फोन करावा तर बोलावं काय? मेलेल्या मानसानं फोन कसा करावा? म्हून बोर्डाला नवी बॅटरी घातली, पासवर्ड टाकला अन् पाठवला. तू कुलूप तोडून टाकली असतीस, तर समजलो असतो की न्हाई लागत आता तुला ह्यातलं काही."

वर घरात नेल्यावर महादेवी आली. तीही पन्नाशीकडे झुकली होती. तिने लुंबिनीचे हात हातात घेतले आणि मग ताट वाढलं. लुंबिनीने एक घास खाल्ला आणि खोलीभर नजर फिरवली. खोलीत टीव्ही होता, फ्रिज होता, भिंतीवर रेणुकाचा बक्षीस घेतानाचा फोटो होता. तुरुंगातून सुटलेला, उपाशी, वेडा झालेला असा तो सापडेल, असं तिने बसमध्ये धरून ठेवलं होतं. यापैकी काहीच नव्हतं. माणूस सुखात होता. एस्टीच्या एका प्रवासाएवढ्या अंतरावर.

"हिचे भाऊ?" तिने विचारलं.

"थोरला वारला," महादेवी खाली पाहत म्हणाली. "धाकटा येऊन जातो. रेणुकाच्या बारशाला न्हाई आला, पण नंतर आला. आता काही न्हाई राहिलं तसलं."

"कवापासून न्हाई राहिलं?"

महादेवी पाण्याचा तांब्या आणायला उठली.

"दादा, कवापासून?"

"झाली असतील दहा-बारा सालं," नागसेन म्हणाला. "लुंबे, आधी भ्या होतं. हैद्राबादला होतो, सोलापूरला होतो, घर बदलून बदलून राहिलो. मग भ्या गेलं, पण तवर सवय लागली. आज जाऊ, उद्या जाऊ. तिकडं माझा फोटो लागलेला. बा गेला ते बी कळलं मला. कोणत्या तोंडानं यायचं?"

लुंबिनीने ताट बाजूला सारलं. तिला ओरडायचं होतं, पण आवाज बारीकच निघाला. "बा तुझ्यासाठी मढी उलटीपालटी करत फिरला. मी पुण्याला गेले न्हाई. मायनं..."

"माय कशी हाय?" त्याने घाईने विचारलं. "गुडघा कसा हाय आता तिचा? जिना चढती का?"

 

सरजाबाईचा गुडघा निखळला त्याला फार वर्षं झाली नव्हती. सरकारी दवाखान्यात ती आया होती, तिथल्या ओल्या फरशीवर पाय घसरला होता, निवृत्तीच्या आदल्या वर्षी. तेव्हा नागसेन फोटोत जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"तुला गुडघा कसा म्हायती?" लुंबिनी म्हणाली.

नागसेनने बायकोकडे पाहिलं. महादेवीने डोळे मिटले.

"तुला सांगितलं न्हाई तिनं?" तो म्हणाला. "मला वाटलं, बा गेल्यावर तरी सांगितलं असंल."

*

लुंबिनी परतली तेव्हा दिवस कलायला आला होता. सरजाबाई दारातच बसली होती. लेकीचा चेहरा पाहून तिने पदर सावरला.

"भेटला?" ती म्हणाली.

लुंबिनी चपला न काढता तिच्यासमोर खाली बसली. "कवापासून म्हायती हाय तुला?"

"पैल्या सालापासून."

म्हातारी अडखळली नाही. जणू कितीतरी दिवस हे बोलायचं म्हणून तयार बसली होती. दवाखान्यात ओपीडीच्या रांगेत एक माणूस तोंडाला रुमाल बांधून उभा होता, तिने चाल ओळखली. तिनेच त्याला सांगितलं, जा, परत येऊ नको, मेला असं समजू दे लोकांना. पोरीचे भाऊ तेव्हा महिन्या-महिन्याला घराभोवती फिरत होते. नरसिंगला सांगितलं असतं तर तो त्याच दिवशी लेकाकडे धावला असता, आणि त्याच्या मागोमाग ते.

"तुझ्या बापाच्या पोटात काही राहत नव्हतं," सरजाबाई म्हणाली. "पोरगं वाचवायचं तर त्याला रडू द्यावं लागलं."

"अन् ते प्रेत?"

सरजाबाईने अंगणाकडे पाहिलं. "ते बी कुणाचं तरी लेकरू होतं. मी त्याच्यासाठी रडले. तिथं उभं राहून म्हनलं, बाबा, तुझ्या मायला म्हायती न्हाई, तिच्या जागी मी हाय. खोटं न्हाई रडले मी, लुंबा."

वर्षातून एकदा नागसेन दवाखान्यात येत असे. कधी रांगेत, कधी औषधांच्या खिडकीपाशी. एकदा महादेवी बाळाला घेऊन लस द्यायला आली. सरजाबाई ड्युटीवर होती. तिनेच ते बाळ धरलं, तिनेच सुई टोचलेल्या जागी कापूस दाबला. बाळ रडलं, आईच्या हातात परत गेलं. बस. निवृत्त झाल्यावर दवाखाना सुटला आणि भेटही सुटली.

लुंबिनी ऐकत होती. तिला वाटत होतं, आपण हिच्या शेजारी रोज झोपलो. हिचे पाय दाबले. ताप आला की हिच्या उशाशी बसलो. फोटोला हार घालायला ही कधी पुढे झाली नाही, तर दुःख सहन होत नाही म्हणून आपणच घातला, वर्षानुवर्षं. आणि ही आपल्या पाठीमागे उभी राहून बघत होती.

"बा गेला, तवा सांगायचं," ती म्हणाली. "महादेवीचे भाऊ बी थंड झाले होते. तवा कामून न्हाई सांगितलं?"

सरजाबाईने दोन्ही हातांनी गुडघा चोळला.

"सांग की, माय."

"तू गेली असतीस," सरजाबाई म्हणाली.

"कुठं?"

"कुठंबी. लेक जित्ता हाय म्हनल्यावर तू कशाला राहिली असतीस? त्याच्यावर टाकून गेली असतीस मला. पुण्याला, सासरी, कुठंबी. अन् त्यो काय येनार नव्हता. मग मी एकलीच." ती थांबली. "आदी त्याच्या जिवासाठी लपवलं. खरं सांगते. मागनं माझ्या जिवासाठी."

शेजारच्या घरातून कुकरची शिट्टी झाली. लुंबिनी उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. राग यावा म्हणून ती वाट पाहत उभी राहिली, पण राग येत नव्हता. आतून सगळं सुन्न होतं, गुंगीचं इंजेक्शन दिलेल्या दातासारखं. जीभ फिरवली तरी आपलं काही लागत नव्हतं. बाहेर येऊन तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि भिंतीवरचा भावाचा फोटो उतरवला. त्यामागे भिंतीचा जुना रंग चौकोनी राहिला होता. फोटो कुठे ठेवावा ते तिला कळेना. शेवटी तिने तो कपाटात, चादरींच्या खाली ठेवून दिला.

त्या आठवड्यात दोघी फार बोलल्या नाहीत. सकाळचा चहा, दुपारचा डबा, औषधाच्या गोळ्या, सगळं रोजच्यासारखं झालं. टेबलावरचा बोर्ड लुंबिनीने पेटीत बसवला. साउंड कार्ड काळ्या खाचेत लावलं, बाहेरची कॅश बंद केली, गाडीचा खेळ चालवून पाहिला. गाडी हवी तशी, माणसाच्या हातात राहील अशी धावली. पुलानंतरच्या वळणावर तिने खेळ थांबवला आणि मुख्य वेगाच्या पानावर गेली. भावाने ठेवलेला एकशे बाराचा आकडा बराच वेळ तिच्यासमोर होता. तिने तो शंभरावर आणला. पासवर्डही काढून टाकला.

नागसेनचा फोन रोज यायचा. येऊ का, विचारायचा. लुंबिनी म्हणायची, थांब. पाचव्या का सहाव्या दिवशी ती म्हणाली, "मायला पाठवते. स्टँडवर ये घ्यायला."

"तू?"

"माझं सांगता येत न्हाई, दादा. येईन तवा येईन."

रविवारी सकाळी तिने आईची पिशवी भरली. दोन लुगडी, गोळ्यांचा डबा, गुडघ्याचं तेल. सरजाबाई पाहत होती. "किती दिसांसाठी?" तिने विचारलं. लुंबिनी म्हणाली, "तुला वाटंल तितके दिस." म्हातारीने लेकीच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि पायात चपला घातल्या.

स्टँडवर लातूरची गाडी लागलेली होती. लुंबिनीने आईला धरून पायऱ्या चढवल्या, खिडकीशी बसवलं, पिशवी मांडीवर दिली. कंडक्टर आला.

"लातूर दोन का, ताई?"

"एकच. म्हातारी एकली हाय. तिकडं घ्यायला माणूस येणार हाय, जरा उतरवून द्याल का?"

"देतो की. आजी, कोन येनार हाय घ्यायला?"

सरजाबाईने खिडकीतून खाली उभ्या राहिलेल्या लुंबिनीकडे एकदा पाहिलं. मग तोंड वळवून ती म्हणाली, पुढच्या-मागच्या बाकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "माझा लेक येनार हाय. नागसेन नाव त्याचं."

घंटी वाजली. गाडी मागे सरली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली. डिझेलचा धूर फलाटावर थोडा वेळ रेंगाळला. लुंबिनी तिथल्या बाकावर बसली. घरी जायची घाई नव्हती; घरी कुणी नव्हतं. असं यापूर्वी कधी झाल्याचं तिला आठवेना.

एक बाई लहान मुलीला काखेत घेऊन, दुसऱ्या हाताने पत्र्याची पेटी ओढत आली. "ताई," तिने विचारलं, "तुमची कोनती गाडी हाय?"

लुंबिनीने तिच्याकडे पाहिलं. फलाटावर लागलेल्या गाड्यांच्या पाट्या एकेक करून वाचल्या, पुण्याचीही. मग ती थोडी सरकली आणि त्या बाईला बाकावर जागा करून दिली.